पतंगांची ओळखपरेड

पावसाळ्याच्या रात्री व्हरांड्यातील दिव्याखालच्या भिंतीवर, पंख मागे ताणून बसलेले एखादे भरदार अंगाचे पाखरू दिसले, की सामान्य गृहस्थ झाडू शोधू लागतो. परंतु ज्याला हॉक मॉथ नामक प्रतिष्ठित कुळाची शास्त्रोक्त ओळख करून घ्यावयाची आहे, त्याने प्रथम घरातील सर्व झाडू जप्त करावेत, विजेरी व फूटपट्टी घ्यावी, पंच म्हणून शेजाऱ्यास बोलवावे आणि मगच पंचनाम्यास आरंभ करावा.

पहिला मान कण्हेरीवरील पतंगाचा. हिरव्या रंगाच्या नाना छटा आणि त्यांतून गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांची नागमोडी नक्षी असा त्याचा थाट असल्यामुळे, त्याच्याबाबत चूक करण्यास विशेष प्रतिभा लागते. अंगणात कण्हेर, तगर वा सदाफुली असल्यास आरोपी घरचाच समजावा. रताळ्याच्या वेलावर वाढलेला करडा पतंग मात्र पंख मिटून बसला असता कचेरीतील जुन्या दप्तरासारखा निर्विकार दिसतो. त्याच्या उदराच्या कडांवरील गुलाबी-काळे पट्टे पाहावयाचे, तर त्याला डिवचावे लागते, आणि ते दिसतात तेव्हा स्वारी बहुधा निघण्याच्या बेतात असते. उदरावर दोन समांतर रुपेरी रेघा असल्यास ‘थेरेट्रा ओल्डनलँडी’ लिहून मोकळे व्हावे.

खरी कसोटी कवटीवाल्यांची. पाठीवर मानवी कवटीची आकृती मिरवणारे, धरले असता चीं-चीं करून हरकत नोंदवणारे आणि मधमाश्यांच्या पोळ्यात बेमुर्वत शिरून मधावर डल्ला मारणारे हे इसम आपल्याकडे दोन जातींचे: अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्स व अ‍ॅकेरॉन्शिया लॅकेसिस. नवशिका कवटी पाहताच निकाल देतो. कवटी दोघांनाही आहे. मागच्या पंखाच्या मुळाशी मोठा काळा डाग असला तर लॅकेसिस. तेथे पिवळाच रंग असून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या उदरावर मधोमध निळसर-करडी उभी रेघ असली तर स्टिक्स. ही मोहोर मागच्या पंखावर उमटवावी, आणि विश्रांतीच्या वेळी नेमका तोच पंख पुढच्या पंखाखाली दडपला जावा, या व्यवस्थेमागे कोण्या मुरलेल्या कारकुनाचा हात असावा, अशी माझी साधार शंका आहे.

कारवारकडे वनाधिकारी असलेल्या टी. आर. बेल यांनी एफ. बी. स्कॉट यांच्यासमवेत १९३७ साली या कुळावर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात सुरवंटांची दखल बारकाईने घेतली आहे, ती उगीच नव्हे: सुरवंट शेपटीकडचे शिंग उभारून पानावर निदान हजर तरी राहतो.

अनंताभोवती भरदिवसा घोंघावणाऱ्या सेफोनोडिसच्या पंखांवर खुणा शोधूच नयेत. कोशातून निघाल्यावर पहिल्याच उड्डाणात तो पंखांवरचे खवले झटकून टाकतो, म्हणजे पुरावा नष्ट करूनच व्यवसायास प्रारंभ करतो. मॅक्रोग्लॉसमच्या कित्येक जाती तर परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या, की जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्यावाचून जाणकारही सही करण्यास राजी नसतात. अशा वेळी ‘मॅक्रोग्लॉसम, जात अनिश्चित’ असा शेरा मारून, पेंगुळलेल्या पंचांची स्वाक्षरी घेऊन प्रकरण दफ्तरदाखल करावे.