मामंजींनी चढवलेली मार्कशीट

काकू, काल आमच्याकडे केवढं महाभारत झालं! तुम्हाला ऐकू आलंच असेल म्हणा, दाना ओलीत भिंती नावाला. या जरा कठड्याशी. गॅसवर काही नाही ना?

आमचा मोठा यंदा अकरावीत, कॉम्प्युटर सायन्सला. एनसीईआरटीच्या पुस्तकात शेवटी एक धडा आहे, त्यात हे डिजिटल फूटप्रिंट. म्हणे दोन प्रकार असतात. आपण हाताने टाकतो तो अॅक्टिव्ह, म्हणजे फोटो, कमेंटी, भरलेले फॉर्म. आणि नकळत उमटतो तो पॅसिव्ह, कुठली साइट उघडली, कुठून उघडली, असलं. त्यांच्या बाई हुशार हो. धडा पाठ करायला नाहीच सांगितला. म्हणाल्या, लॉग-आउट होऊन स्वतःचं नाव शोधा आणि काय निघतं ते वहीत लिहून आणा.

पोरगं निर्धास्त, आपलं इन्स्टाग्राम प्रायव्हेट म्हणून. आणि निघालं काय, तर मामंजींचं फेसबुक! दहावीची अख्खी मार्कशीट, साऱ्या जगाला दिसेल अशी. रोल नंबर, जन्मतारीख, माझं नाव, ह्यांचं नाव, शाळा. वर ‘आमच्या कुलदीपकाचे यश’. खाली कोणा काकांनी अभिनंदन करून विचारलंय, गणितात एवढे कमी कसे? मग चौथीतल्या चित्रकला स्पर्धेची यादी, तिच्यात ह्यांचा मोबाइल नंबर. आणि धाकटीचा शाळेच्या गेटवरचा फोटो, गणवेशात, बिल्ल्यासकट. त्याखाली तिच्या आत्याने कौतुकाने लिहिलंय, रोज दीडला सुटते आमची परी. आता बोला! नणंदेला मी काही म्हणत नाही, पण दीड कशाला लिहायचं?

वहीत तो लिहून बसला, तिसरा प्रकार पुस्तकात नाही, घरच्यांनी उमटवलेला. मामंजी भडकले. मी काय चोरी केली? आमच्या वेळी निकाल पेपरात छापून यायचा! तर हा म्हणतो, आजोबा, त्या पेपरात आठवड्याने गजक बांधून मिळायची. मला हसू आवरेना, पण त्यांच्यासमोर हसायची सोय नाही.

एक खरं सांगू? मला आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचा तो शिलालेख आठवला, चतुर्भुज मंदिरातला, शून्यासाठी लोक बघायला येतात तो. 876 सालचा. त्यात आहे काय, तर देवाला दिलेली बाग आणि रोजच्या 50 फुलमाळा. साडेअकराशे वर्षं झाली, माळांचा हिशेब अजून वाचता येतो. नेटवर चढलेलंही तसंच. आपल्या ओलीतली गोष्ट कशी, नवी आली की जुनी लोक विसरतात. माझ्या लग्नातलं मानपानाचं भांडण आता कोणाला आठवतंय? तुम्हाला आठवतंय? असू दे, असू दे.

मग ह्यांनी कायदा काढला. 2023 साली झालाय म्हणे, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर कंपनीने आई-बापाची संमती घ्यायची, मुलांच्या मागावर राहून जाहिराती दाखवायच्या नाहीत. नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले, बरंचसं लागू व्हायचं ते 2027 मध्ये. मामंजी घाबरले बिचारे, मला पकडतील का? तर हाच म्हणाला, नाही आजोबा, घरगुती कामाला हा कायदा लागूच नाही. म्हणजे बघा, परक्याला आई-बापाची परवानगी, आणि घरच्यांनीच उधळलं तर विचारणारं कोणी नाही! फ्रान्समध्ये 2024 साली वेगळा कायदा केलाय म्हणे, मुलाचा फोटो टाकायला कोर्ट आई-बापालाही मना करू शकतं.

पुसायचं ठरलं, तेही सोपं नाही हो. फेसबुकवरची पोस्ट गेली. 18 च्या आतल्या मुलाचा फोटो शोधात दिसू नये म्हणून गूगलला अर्ज करता येतो, तो केला, पण मूळ साइटवर फोटो राहतोच. आणि घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप? ‘सगळ्यांसाठी डिलीट’ची मुदत दोन दिवसांच्या थोडी वर, ती कधीच टळली. शिवाय आत्याने मार्कशीट पुण्याच्या ग्रुपवर ढकललेली, तिथून ती कोणाकोणाच्या फोनात उतरली, देव जाणे.

आता घरात नवा नियम, ज्याचा फोटो त्याला आधी विचारायचं, तो पाच वर्षांचा असला तरी. मामंजी रुसलेत. आज सकाळी नातवाला म्हणाले, तुळशीचा फोटो टाकायचाय, जा, तिला विचारून ये.

बाकी काय? हो, तुमच्या नातीचं बारसं झालं ना इंदूरला? किती गोड दिसत होती... म्हणजे फेसबुकवर बघितली मी. नाव, तारीख, जन्मवेळ, दवाखानासुद्धा होता खाली. अहो, तुम्हाला नावं ठेवत नाही मी! फक्त विचारते, ते नातेवाइकांनाच दिसतंय की सगळ्यांना? माहीत नाही? आणा बघू फोन इकडे. चष्मा पण आणा, सेटिंगची अक्षरं फार बारीक असतात.