हरकतराव

टीव्हीवरच्या बातम्या पाहणाऱ्या देशातल्या प्रत्येकाने नुंगंबाक्कम हे नाव ऐकलेलं असतं. चेन्नईचा पाऊस सांगायचा झाला की हवामान खात्याची दोन ठाणी येतात, मीनंबाक्कम आणि नुंगंबाक्कम. मीनंबाक्कमला विमानतळ आहे. नुंगंबाक्कमला हरकतराव आहेत.

बदली होऊन मी इथे आलो तेव्हा जागा मिळाली ती नेमकी त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या डोक्यावर. पहिल्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरवत असताना खालच्या गॅलरीतून आवाज आला, "टेम्पो किती वेळ उभा राहणार?" आणि तोही मराठीत! मुलखापासून हजारभर किलोमीटरवर कानी पडलेल्या त्या मराठीने माझे डोळे भरून आले. ती हरकत क्रमांक एक होती, हे मागाहून कळलं. तिची तारीख-वेळेसह नोंद त्यांच्या वहीत अजून आहे.

हरकतराव हे नाव आम्ही ठेवलेलं, त्यातला 'राव' मात्र अस्सल. तंजावरकडच्या मराठी घराण्यांचं हे असंच. आडनाव वाटेत कावेरीत बुडालं आणि राव तेवढा तरंगत राहिला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे 1675 च्या सुमारास तंजावरला गादीवर बसले. त्यांच्या मागोमाग हिशेब लिहायला जी माणसं गेली त्यांत आपले पूर्वज होते, असं हे सांगतात. 1855 साली कंपनी सरकारने ते राज्य खालसा केलं. राज्य गेलं, दप्तर चालू आहे. घरातली मराठी साडेतीनशे वर्षं बरणीत मुरलेली, वर तमिळचं तेल. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजी राजांनी 1803 साली आपल्या घराण्याचा इतिहास भिंतभर मराठीत कोरून ठेवला. हरकतरावांचा माहिती अधिकाराचा अर्ज पाहिला की हा लांबीचा सोस कुठून आला ते समजतं. अर्जाला दहा रुपये लागतात. शब्दाला लावले असते तर सरकारची तूट भरून निघाली असती.

हा प्राणी तसा सगळीकडे सापडतो. दादरला तो शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर असतो, पुण्यात सोसायटीच्या सूचनाफलकामागे. पणजीत तो मांडवीच्या काठावर उभा राहून कॅसिनोच्या बोटी आणि त्या बोटींच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या मोजतो. निवृत्ती, चांगली दृष्टी आणि रस्त्याकडची गॅलरी, इतकं जुळून आलं की तो तयार होतो. बायकोने गॅलरीत खुर्ची टाकून दिली तर लवकर होतो.

आमच्या हरकतरावांना मात्र खरं तेज चढलं ते पब आल्यापासून.

तमिळनाडूत दारूची किरकोळ विक्री 2003 पासून सरकारच्या टास्मॅककडे. त्या दुकानांना चिकटलेले बार सोडले, तर बसून प्यायचा परवाना क्लबांना मिळतो आणि तारांकित हॉटेलांना. त्यामुळे पब राहतो तो हॉटेलच्या पोटात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कूवम नदीच्या अंगाला असं एक हॉटेल उभं राहिलं तेव्हाच हरकतराव म्हणाले होते, "खोल्या निमित्ताला आहेत हो." राजाजींनी 1937 साली सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली, करुणानिधींनी 1971 ला उठवली, 1974 ला परत लावली, एमजीआरनी 1981 ला पुन्हा उठवली, हे सगळं ते दोरीवरच्या धुण्यासारखं सांगतात. वाळत घातली, काढली, पाऊस आला, आत घेतली. जवळचा हाय रोड आता 'उत्तमर गांधी सालै' आहे आणि गांधींच्या त्या रस्त्यावरही हॉटेलांचे बार आहेत, हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. जणू गांधीजी शेजारच्या खोलीत झोपले आहेत.

2017 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतले बार बंद झाले. तेव्हा हे बायकोची, म्हणजे मामींची, शिवणाची टेप घेऊन मोजायला निघाले होते. दीड मीटरची टेप! मोठ्या रस्त्यापासून गल्लीकडे येताना शंभराव्या खेपेला आकडा चुकला आणि परत पहिल्यापासून. जुलैत न्यायालयाने शहरहद्दीतल्या बारना मोकळीक दिली. मामी म्हणतात, टेप तेव्हापासून ताणलेली आहे, ब्लाउज सैल होतात.

इमारतीत सगळे त्यांना मामा म्हणतात. तमिळ ब्राह्मणी घरांत वडीलधाऱ्याला मामा म्हणायची रीत आहे आणि आपल्याकडेही मामा आहेच, त्यामुळे मला वेगळं नातं शोधावं लागलं नाही.

पबची पहिली तक्रार पार्किंगची. हॉटेलच्या तळघरात गाड्यांची सोय आहे, नकाशात. प्रत्यक्षात तिथे टेबलांच्या थप्प्या आणि बिअरचे क्रेट. मग दारात उभी असलेली व्हॅलेची पोरं किल्ल्या घेतात आणि गाड्या आमच्या गल्लीत आणून कोंबतात. गुरुवारपासूनच सुरुवात. रात्री नऊला गल्लीत अशी अवस्था की सायकलवाल्याला सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हरकतराव गॅलरीतून नंबर टिपतात. पुदुच्चेरीच्या पीवाय 01 गाड्यांसाठी स्वतंत्र पान आहे. "कर तिकडे भरतात, गाडी इकडे लावतात," असा त्यावर शेरा. महापालिकेच्या 1913 या तक्रार क्रमांकावर त्यांचा फोन गेला की नाव सांगावं लागत नाही. पलीकडची मुलगी म्हणते, "सोल्लुंग सार, इन्नैक्कु एत्तनै वंडि?" सांगा साहेब, आज किती गाड्या?

आमच्या फाटकाशी पाटी आहे, 'इंगु वंडि निरुत्तक्कूडादु', इथे वाहन उभं करू नये. पाटीखाली दोन कुंड्या, एक मोडकी खुर्ची आणि मामांच्या आजीचा आट्टुक्कल, म्हणजे इडलीचं पीठ वाटायचा दगडी रगडा. तो चार माणसांनी उचलून रस्त्यावर आणून ठेवलाय. सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण या विषयावर मामांनी आजवर सतरा अर्ज केले. रगडा त्यात येत नाही. रगडा हा वारसा आहे.

आणि रगड्याच्या पुढे, ताडपत्रीखाली, त्यांची गाडी. मद्रासच्याच स्टँडर्ड कंपनीने साठच्या दशकात बनवलेली हेराल्ड. गल्लीतली सगळ्यात मोक्याची, कडुनिंबाच्या सावलीची जागा तिच्याकडे. शेवटची ती हलली 2015 च्या डिसेंबरात, तीही पुराच्या पाण्याने हलवली. सहा फूट पुढे गेली आणि थांबली. "ब्रेक बघा," मामा म्हणाले. एकदा पाहणीला आलेल्या तरुण इंजिनिअरने टिपण काढता काढता सहज विचारलं, ही ताडपत्रीतली गाडी कोणाची? मामांनी त्याला वर नेऊन फिल्टर कॉफी पाजली. टिपणात गाडीचा उल्लेख नाही. आता ही लाच झाली का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. वर्षअखेरीला माझा भाडेकरार संपतो.

सुरक्षितता ही दुसरी तक्रार, आणि इथे मला हसू जरा आवरतं घ्यावं लागतं. कॉलेज रोडला 1915 सालचं विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आहे, स्टेशनच्या बाजूला 1925 चं लोयोला. त्यामुळे गल्लीबोळांत मुलींची वसतिगृहं आणि पीजी भरपूर. पब सुटायची वेळ आणि उशिराच्या शिफ्टच्या मुली परतायची वेळ एकच. साडेदहाच्या सुमारास मामा बनियनवर शर्ट चढवतात, टॉर्च आणि शिट्टी घेतात आणि कोपऱ्यावरच्या गटाराच्या फुटक्या झाकणाजवळ जाऊन उभे राहतात. विचारलं तर सांगतात, गाड्या मोजतोय. पण गाड्या गॅलरीतूनही दिसतात. मुली जवळ आल्या की टॉर्च झाकणावर पडतो, म्हणजे पाय कुठे टाकू नये ते कळावं. मोटारसायकली पिसाळल्यासारख्या आल्या की शिट्टी वाजते. मुली त्यांना 'व्हिसल तात्ता' म्हणतात, शिट्टीवाले आजोबा. ते त्यांना ठाऊक आहे आणि त्यावर त्यांची हरकत नाही. माझ्या माहितीत ही एकच गोष्ट अशी. गल्लीतले बंद पडलेले तीन दिवे त्यांनी खांबांचे नंबर लिहून लिहून सुरू करून घेतले. चौथा लागत नाही, कारण चौथ्या खांबाखाली हेराल्ड आहे आणि शिडीला जागा नाही.

इथवर सगळी इमारत त्यांच्या बाजूने. गाड्यांच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या, दिव्यांच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या. मग त्यांनी तिसरी हरकत काढली: हॉटेलने नदीवर जायचा रस्ता अडवला आहे.

नदी म्हणजे कूवम. ज्यांनी कूवम पाहिली नाही त्यांना सांगण्यासारखं फारसं नाही आणि ज्यांनी पाहिली आहे ते सांगताना नाक धरतात. तिरुवळ्ळूर जिल्ह्यात बऱ्यापैकी नदी म्हणून निघते, शहरात शिरल्यावर शहर तिच्यात शिरतं, आणि नेपियर पुलाशी जे समुद्राला मिळतं त्याला काय म्हणावं हा प्रश्न पडतो. अठराव्या शतकात दानशूर पचैयप्पा मुदलियार हिच्यात स्नान करून कोमळीश्वरन देवळात जात, असं सांगतात. 1970 च्या दशकात सरकारने इथे नौकाविहाराचा घाट घातला, धक्के बांधले. घाट राहिला, विहार गेला. अशा नदीवर जायला आठ फुटी बोळ मोकळा करून द्या, अशी मामांची मागणी! जुन्या नकाशात बोळ आहे. आज तिथे हॉटेलचा जनरेटर आहे आणि त्यापुढे कुलूप.

असोसिएशनच्या बैठकीत स्फोट झाला. तळमजल्याच्या बाई म्हणाल्या, मला डास पुरतात. एक जण म्हणाले, भिंत पाडण्यापेक्षा अजून चार फूट वाढवा. कोणी विचारलं, "मामा, नदीवर जाऊन करणार काय?"

"बघणार."

"काय बघणार?"

"नदी."

या अर्जावर सह्या दोन. एक त्यांची, एक माझी, आणि माझी भाडेकरूची म्हणून बाद.

नंतर गॅलरीत बसून ते म्हणाले, "इथे तळं होतं ठाऊक आहे? भलं मोठं. 1974 ला बुजवायला काढलं, दोन वर्षांनी त्यावर वळ्ळुवर कोट्टम उभं राहिलं. तिरुक्कुरळच्या 1330 कुरळी दगडात कोरल्या आहेत, उत्तम काम आहे. पण तळं गेलं ते गेलंच. आता 'लेक एरिया' नावाचे रस्ते उरले, तळं कोणी विचारत नाही. कावेरीवरची माणसं आम्ही. नदीकडे पाठ करून घर बांधू नये म्हणायचे आजोबा. बांधलं मात्र त्यांनीच." मग खाली बघून, "टीएन 07, काळी, कडेला," आणि वही उघडली.

अर्जांना कंटाळून म्हणा किंवा चांगुलपणाने, हॉटेलच्या मॅनेजरने, कोयंबत्तूरकडचा गरीब पोरगा, एक दिवस निरोप पाठवला: जनरेटर हलवणं माझ्या हातात नाही, पण मागची बाजू सगळी काचेची आहे, मामांनी येऊन नदी बघावी. फक्त वाट पबमधून आहे.

दोन दिवस मामा जेवले नाहीत नीट. रविवारी चारला, गिऱ्हाईक नसताना, मला साक्षीदार म्हणून घेऊन निघाले. कपाळाला विभूती, हातात वही. आत अंधार, पडद्यावर कुठल्यातरी देशाचा फुटबॉल, गार वारा आणि फिनेलचा वास. बारवरच्या मुलाने सवयीने मेनू पुढे केला. मामांनी तो किमतींच्या बाजूने वाचला, दोनदा वाचला, आणि आम्हाला सोडा-लिंबू आलं ते फुकटच आलं. मागच्या काचेशी आम्ही उभे राहिलो. खाली नदी होती. जलपर्णी, प्लास्टिक, पलीकडे पुलाची सावली, आणि त्या सगळ्यात एका ओंडक्यावर एक पांढराशुभ्र बगळा, आपण कुठे उभे आहोत याची काडीची फिकीर नसलेला.

मामा बोलले नाहीत. मी घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं. टेम्पोच्या दिवसापासून त्यांचं एवढं मौन मी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी बोट काचेवरून फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाहेरून पुसत नाहीत वाटतं."

सोमवारी अर्ज गेला: नदीदर्शनाच्या काचेची स्वच्छता.

तेव्हापासून दर रविवारी चारला ते जातात. काच आता पुसलेली असते, बगळा कधी असतो, कधी नसतो, नसला तर तशी नोंद होते. दारावरचा आसामी रखवालदार नियमाप्रमाणे रजिस्टर पुढे करतो. 'येण्याचं कारण' या रकान्यात मामा सुवाच्य अक्षरात लिहितात, 'नदी'. 'वाहन' या रकान्यात लिहितात, 'गल्लीत उभं आहे'.