कातणे आणि कातावणे

मागच्या तान्ह्या पोळ्याला नातवाच्या लाकडी नंदीचं मागचं डावं चाक निखळलं आणि गडगडत थेट नालीत गेलं. यवतमाळात पोळ्याच्या आधी रस्त्याकडेला नंदी विकायला बसतात, त्यांच्याकडे सुटं चाकही मिळतं, वीसेक रुपयांत. पण नातू रडत होता, सगळं घर माझ्याकडे पाहत होतं आणि मी नुकताच निवृत्त झालो होतो. निवृत्त माणसाच्या तोंडून जे निघू नये ते निघालं : "विकत कायले आणता? मी घरीच करून देतो."

त्या चाकाची किंमत आजमितीला ५५,००० रुपये झाली आहे. हिशेब माझा नाही. आमची ही डायरी ठेवते.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी होतो, दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी झूल-घुंगरू लेवून चाकांवर निघतात आणि पोरं घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. नागपूरकर सांगतात, की दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली. तेव्हापासून आजवर किती नंदींची किती चाकं निखळली असतील! त्यापायी यंत्र विकत घेणारा मात्र मीच पहिला असावा.

लाकूड गरगर फिरवायचं आणि त्याला पटाशी लावून गोल करायचं, याला मराठीत कातणं म्हणतात आणि ते करणारा तो कातारी. पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, रवी, लाटणं, भोवरे ही सगळी त्याची निर्मिती. पूर्वी एक जण दोरी ओढून लाकूड पुढंमागं फिरवायचा आणि दुसरा पटाशी धरायचा. लाकूड पुढं फिरलं की कापायचं, मागं फिरलं की पटाशी किंचित उचलायची. म्हणजे निम्मा वेळ काम आणि निम्मा वेळ वाट पाहणं. सरकारी नोकरीत मी हेच केलं होतं, त्यामुळे हा धंदा आपल्याला जमेल असं मला मनापासून वाटलं.

दोरी ओढायला मात्र घरात कुणी तयार झालं नाही. लाकूड कातायच्या आधीच ही कातावली.

शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "कूलरची मोटर लावा न जी." यवतमाळात कुठल्याही अडचणीवर पहिला उपाय कूलरच्या मोटरीचा असतो. ती लावली. पटाशी टेकवली, की मोटर थांबे आणि उचलली, की पुन्हा फिरे. मग विहिरीवरची जुनी पंपाची मोटर काढली. तिच्यात जोर भरपूर होता. तिच्या दांड्याला लोखंडी तबकडी बसवून घेतली, तिच्यावर कडुनिंबाची आठ इंची चकती चार स्क्रूंनी ठोकली आणि बटण दाबलं.

ती मोटर मिनिटाला २,८०० फेरे घेते, हे तिच्या पाटीवर लिहिलेलं होतं. आठ इंची चकती त्या वेगानं फिरली, तर तिची कड ताशी १०७ किलोमीटरनं धावते, हा गुणाकार मी नंतर केला. आर्णी रोडवर आमची एसटीसुद्धा एवढी पळत नाही. ढोबळ नियम असा, की लाकडाचा व्यास इंचात घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं आणि उत्तर सहा ते नऊ हजारांच्या आत ठेवायचं. आठ इंचाला हजारभर फेरे म्हणजे डोक्यावरून पाणी. माझं उत्तर बावीस हजार चारशे आलं होतं. चकतीनं तबकडी सोडली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत प्रवेश केला आणि कणकेच्या परातीत जाऊन बसली. काच ४०० रुपये. डायरीतली ही पहिली नोंद.

त्या दिवशी माझ्या गळ्यात दुपट्टा होता. मे महिन्यात दुपट्ट्याशिवाय घराबाहेर पडणारा माणूस आमच्याकडे एक तर परगावचा असतो, नाही तर दवाखान्यातून पळालेला. पण फिरत्या लाकडाजवळ दुपट्टा म्हणजे स्वतःच्या हातानं घातलेला फास. दुपट्टा नको, सैल बाही नको, हातमोजे तर मुळीच नकोत. तोंडावर पारदर्शक मुखवटा हवा आणि बटण दाबण्याआधी लाकूड हातानं एक फेरा फिरवून ते कुठं घासत नाही ना हे पाहायला हवं. काच फुटल्यावर हे सगळं मी इतक्या निष्ठेनं पाळू लागलो, की दूधवाला एकदा मला मुखवट्यात पाहून मागच्या मागे गेला.

आता खरं यंत्र घेणं आलं. गावात लेथ म्हणजे लोखंडाचा. कापसाचा जिल्हा, जिनिंगचे कारखाने आणि त्यांच्या जिवावर चालणारी वर्कशॉपं. जिनच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या दाबून बसवतात आणि मग तो रोलर लेथवर चढवून त्याला खाचा पाडतात. अशाच एका वर्कशॉपात गेलो. आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स केलेला, तेलानं काळा झालेला एक गृहस्थ रोलर कातत होता.

"लेथ घ्यायचा आहे," मी म्हणालो.

"किती फुटी?"

"दहा इंची."

त्यानं मशीन बंद केली. "काकाजी, लेथ काय पट्टीनं मोजून घेता का? साडेचार फुटी येते, सहा फुटी येते. बटाल्याची येते, राजकोटची येते. दहा इंची कोण्या गावाची?"

चूक दोघांचीही नव्हती. तो बेडची लांबी सांगत होता आणि मी पोटाचा घेर. लाकूड कातणाऱ्यांच्या यंत्राला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की याच्यावर जास्तीत जास्त किती व्यासाचं लाकूड फिरेल. मधल्या दांड्यापासून खालच्या बेडपर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. दहा इंच म्हणजे वाटी, वाडगा, लाटणं, चाक, सगळं आलं. पोळपाटाला मात्र मोठं यंत्र लागेल. दुसरा प्रश्न वजनाचा. हलकं यंत्र आणण्यात आनंद असतो, पण चालू केल्यावर ते अंगणभर फिरू लागतं. माझ्या यंत्राच्या लोखंडी घडवंचीवर मी रेतीची दोन पोती ठेवली आहेत. तिसरा प्रश्न वेग कमी करता येतो का, आणि तो मी कडुनिंबाकडून शिकलो होतो.

लाकडाचा छोटा लेथ बाहेरून मागवावा लागला. ३२,०००. सोबत लाकूड धरायचा चार जबड्यांचा चक मागवला, ९,०००. चक आला, मी पेढे वाटले आणि मग तो यंत्राला बसवायला गेलो, तर बसेना. यंत्राच्या दांड्याला एक इंचावर आठ आटे. चकाला तेहेतीस मिलिमीटरवर साडेतीन मिलिमीटरचे. मुलामुलीची पत्रिका न पाहता लग्न ठरवावं तसा प्रकार. खरेदी करणाऱ्यांनी एवढं एकच लक्षात ठेवलं तरी माझे नऊ हजार सत्कारणी लागले असं मी मानीन : चक घेण्याआधी दांड्याचे आटे वाचा.

परत टर्नरकडे गेलो. त्यानं दोन्ही आटे गेजनं मोजले, भंगारातून जिनिंगच्या शाफ्टचा एक तुकडा काढला आणि अर्ध्या तासात आतून एका मापाचे, बाहेरून दुसऱ्या मापाचे आटे पाडून दिले. "घ्या, बुश मारून देल्ला." ३०० रुपये. संपूर्ण डायरीत एवढी एकच नोंद अशी आहे, जिच्यापुढे हिनं उद्गारचिन्ह काढलेलं नाही.

पटाश्यांचे ७,५००, सहाणेच्या मोटरीचे ४,००० आणि तिच्या पांढऱ्या दगडाचे १,२००, मुखवट्याचे ६००. इथं मी सावध करतो. सगळे यंत्राची चर्चा करतात. खरा छंद मात्र धार लावण्याचा आहे, मधून मधून थोडं कातणं असतं. गोल पटाशीची पाठ आधी लाकडावर टेकवायची, ती नुसती घासू द्यायची, मग मूठ हळूच उचलत न्यायची, म्हणजे धार लाकडाला अलगद भिडते आणि बुजगावण्याच्या केसांसारख्या लांब लांब सळसळत्या कात्रणांची धार खांद्यावरून मागे पडू लागते. हे जमलं, की माणूस जेवायला येत नाही. उलट केलं, म्हणजे आधी धार आणि मग पाठ, की पटाशी खाडकन लाकडात रुतते, मनगटाला झिणझिण्या येतात आणि वाडग्याचे दोन अर्धे वाडगे होतात. माझ्याकडे असे बावीस अर्धे आहेत.

मग प्रश्न आला लाकडाचा. यवतमाळ जिल्हा म्हणजे सागवान. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर वाघांमुळे गाजतं, पण ते वाघ राहतात सागातच. मात्र सागाची वाहतूक करायची तर पास लागतो. टिपेश्वरचा एक वाघ २०१९ मध्ये निघाला, तेलंगणात डोकावला, १,३०० किलोमीटरच्या वर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याला वाटेत कुणी पास मागितला नाही. मी स्कूटरच्या पायाशी बाभळीचं ओंडकं ठेवून सात किलोमीटर आलो, तर दोन ठिकाणी थांबवून साल नखानं खरवडून पाहिली. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात. मी ते स्वतः उचलून आणत होतो.

शिवाय कातायला साग म्हणजे नाव सोनूबाई. दिसायला देखणा, पण त्याच्या पोटात रेतीचा अंश असतो आणि तो पटाशीची धार बघता बघता खातो. भुकटीनं शिंका येतात त्या वेगळ्या. कडुनिंब कातला, तर संध्याकाळपर्यंत चहासुद्धा कडू लागतो. चन्नपट्टणचे कारागीर रंगीत खेळण्यांसाठी जो काळा कुडा वापरतात, तो आमच्या रानात उभा असतो आणि कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. आपल्या सावंतवाडीला पांगारा चालतो. मला मिळाली बाभूळ, तीही ओली. तिची चार चाकं अगदी नीट कातली, कट्ट्यावर वाळत ठेवली. पारा ४४ वर. ओलं लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेनं जितकं आकसतं, तितकं आरपार आकसत नाही, म्हणून चकती कुठं तरी फाटणारच. तिसऱ्या दिवशी चारही चाकांना पुरणपोळीची पाव पाव फोड काढून घ्यावी तशी भेग पडली होती.

दरम्यान गल्लीत बातमी पसरली होती. मी कलात्मक वाडगे करीन, या माझ्या समजुतीला गल्लीनं भीक घातली नाही. सगळ्यांना लाटणं हवं होतं. सतरा लाटणी केली. पहिली काही एका टोकाला निमुळती झाली, ती मी लाजत लाजत वाटून टाकली. आठ दिवसांनी पलीकडच्या काकू आल्या. म्हटलं, आली तक्रार. तर म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या लाटण्यानं पोळी आपोआप गोल फिरते, बाप्पा! आणखी दोन द्या, सुनेच्या माहेरी पाठवाची हायेत." तेव्हापासून निमुळतं लाटणं मी मुद्दाम करतो. सरळ आता जमत नाही, ही गोष्ट वेगळी.

पोळा चार दिवसांवर आला तरी चाक नव्हतं. टर्नरला विचारलं. तो म्हणाला, "काकाजी, चार चाकं येगयेगळी कायले कातता? वाळलेलं एकच लाकूड गोल करा, अन् काकडीवानी चकत्या पाडा. सारे सारखे." वाळलेलं लाकूड. घरात साठ वर्षं वाळलेला साग एकच होता आणि त्यावर पाहुणे झोपत.

हिच्या आजीच्या पलंगाचा पाय मी दुपारी, घरात सगळे झोपलेले असताना काढला. यंत्रावर चढवण्याआधी बाकीच्या तिघांशी ताडून पाहिला. एकेका पायाला पाच मणी, तीन खाचा आणि खाली कमळाच्या कळीसारखा फुगवटा. कॅलिपर लावला. कुठल्याही मण्यात केसभराचा फरक नव्हता. वीज नसताना, दोरीवर पुढंमागं फिरणाऱ्या लाकडावर कुणी तरी हे केलं होतं आणि निम्मा वेळ पटाशी उचलूनही. मी बराच वेळ यंत्राचं बटण दाबलं नाही.

मग दाबलं. नातवाला शब्द दिला होता. पाच मणी मिनिटभरात गेले. चार चकत्या पाडल्या, त्यातली तीन एका मापाची, चौथी जरा पातळ.

तान्ह्या पोळ्याला नंदी चालला. किंचित डावीकडे चालला, पण चालला. बोजारा ५१ रुपये जमला आणि तो हिनं डायरीत जमेच्या बाजूला लिहिला. जमेच्या बाजूला दुसरी नोंद नाही. पलंगाला सध्या तीन पाय आणि चार विटा आहेत.

तेव्हा यवतमाळ, कळंब, घाटंजी, दारव्हा या बाजूच्या वाचकांना एक विनंती. वादळात तुमच्या वावरात जांभूळ, चिंच, शिवण किंवा काळा कुडा पडला, तर चुलीत घालू नका. दोन्ही टोकांना मेण फासून सावलीत ठेवा आणि निरोप द्या, मी स्कूटर घेऊन येतो. बदल्यात लाटणं मिळेल, निमुळतं. सागवान असेल तर मात्र पासासकट द्या.