जरा स्लो आहे!

सिनेमा पाहून आलेल्या माणसाकडे हल्ली दोनच मतं असतात : ‘वन टाइम वॉच’ आणि ‘जरा स्लो आहे’. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दोन पारितोषिकं मिळाली, पाठोपाठ राष्ट्रीय सुवर्णकमळही. आमच्या शेजारच्या काकांनी तो परवा मोबाइलवर, दीडपट वेगाने, मेथी निवडता निवडता पाहिला आणि निकाल दिला, “कॅमेरा हलतच नाही हो!” पडद्यावरच्या तारखांवर तारखांनी त्यांना जांभया आल्या. स्वतःचा जमिनीचा दावा बावीस वर्षं रखडलाय, तो मात्र ते तासभर रंगवून सांगतात, मध्यंतरही न देता. आम्ही आपलं मान डोलावतो. ‘जरा स्लो आहे’ म्हणायची हिंमत सिनेमापुरतीच!