रातकिड्यांचा कारभारी

अमेरिकेत शॅमेलिऑन पाळणारा माणूस ओळखायला त्याचा सरडा बघावा लागत नाही. त्याच्या घरी एकदा जेवायला जावं. गप्पा ऐन रंगात आलेल्या असताना तो एक बोट वर करून सगळ्यांना गप्प करतो, मान तिरकी करून कानोसा घेतो आणि "डिशवॉशरच्या मागे" एवढंच बोलून ताटावरून उठतो. मग एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात दह्याचा रिकामा डबा घेऊन तो स्वयंपाकघरात पालथा पडतो. पाहुणे नवे असतील तर दचकतात. जुने असतील तर भाजीचा डोंगा पुढे सरकवतात.

अशी माणसं टेक्ससपासून मिशिगनपर्यंत सगळीकडे आहेत आणि बहुतेक गोरी आहेत. पण हा जो नमुना आहे तो मूळचा सांगलीचा, आता शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये स्थायिक, सॉफ्टवेअरमध्ये. सांगलीच्या घरात मोरीत पाल दिसली की हा आंघोळ पुढे ढकलायचा. तिथे राहून त्याच्या हातून हा छंद घडलाही नसता. आपल्याकडचा शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो घरात ठेवणं हा गुन्हा आहे. नेपरव्हिलमध्ये मुलाने कुत्र्याचा हट्ट धरला. केस नकोत, भुंकणं नको, जानेवारीत पहाटे बर्फात फिरायला नेणं तर नकोच, असा चौफेर विचार होऊन येमेनकडचा, डोक्यावर उंच तुरा असलेला 'व्हेल्ड' जातीचा शॅमेलिऑन घरात आला. मुलाचा उत्साह महिनाभर टिकला. त्यानंतर सरडा वडिलांच्या नावावर चढला.

तसं पाहिलं तर त्या प्राण्याचं मागणं फार नाही. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच असा अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीचा पिंजरा, आत फायकसचं झाड आणि मनीप्लांट, वर एक उष्णतेचा दिवा आणि एक अतिनील किरणांची नळी. वाटीतलं पाणी तो पीत नाही. पानांवर फवारा मारायचा, तो थेंब चाटतो. लाड त्याला आवडत नाहीत. हातात घेतलं तर काळवंडतो. दिवसाचा बराच वेळ तो एक डोळा मालकावर आणि दुसरा छताकडे लावून काहीही न करता बसतो. पाहुण्यांपैकी कुणीतरी पक्षांतरावर विनोद करतोच. त्यावर आपला गृहस्थ जिनिव्हा विद्यापीठातल्या २०१५ सालच्या संशोधनाची माहिती देतो: कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर वाढलं-घटलं की रंग बदलतो, आणि तो आजूबाजूचं पाहून नव्हे तर मुख्यतः मनःस्थितीप्रमाणे. विनोद करणारा गप्प होतो. पक्षांतरालाही हेच लागू पडतं की काय, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

अडचण एकच. या प्राण्याला किडा हलता-चालता असला तरच तो अन्न वाटतो. त्यामुळे गृहस्थ पाळतो एक सरडा, पण संसार करतो रातकिड्यांचा.

पूर्ण वाढलेल्या व्हेल्डला एक दिवसाआड मोजकेच किडे पुरतात. पण रातकिडे डझनाने घेतले तर महाग, हजाराने घेतले तर स्वस्त. कोपऱ्यावरच्या दुकानात कूपन वापरणारा माणूस इथे काय करणार? खोकं पोस्टाने येतं, हिवाळ्यात आत उष्णतेची पुडी घातलेली असते. तळघरात प्लास्टिकच्या मोठ्या पेटीत अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावून ही वसाहत नांदते. पाणी उघडं ठेवलं तर रातकिडे त्यात बुडून मरतात, म्हणून त्यांना पाण्याची जेली. शिवाय त्यांच्या अंगात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, म्हणून सरड्याच्या तोंडी देण्याआधी दिवसभर त्यांनाच उत्तम जेवू घालायचं आणि शेवटी पिशवीत घालून कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचं. हे केलं नाही तर सरड्याची हाडं मऊ पडतात. या घराच्या फ्रीजमध्ये ताजी कोलार्डची पानं, रताळं आणि सोललेलं संत्रं दिसलं तर ते कुणी खायचं नसतं. मुलं मॅकरोनी खातात.

आता खरी गोष्ट. नवखा माणूस काय करतो, तर पिंजऱ्याचं दार उघडून दहा रातकिडे आत सोडतो आणि समोर खुर्ची टाकून बसतो. पहिले तीन डोळ्यांसमोर जातात. ते दृश्य खरोखर बघण्यासारखं असतं: अंगापेक्षा लांब जीभ सुटते, किडा तिच्या टोकाला चिकटतो, आणि आपली पापणी लवायच्या आत तो तोंडात असतो. बेल्जियमच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोजलं, जिभेच्या टोकावरचा चिकटा माणसाच्या लाळेच्या सुमारे चारशे पट दाट असतो. गृहस्थ टाळी वाजवतो. उरलेले सात तेवढ्यात नाहीसे झालेले असतात.

गृहस्थाच्या एक्सेलमध्ये 'सोडले', 'खाल्ले' आणि 'फरार' असे तीन रकाने आहेत. तिसरा रकाना वाढतच जातो.

फरारी मंडळी कुंडीतल्या मातीत, फायकसच्या बुंध्याशी, पाणी निथळायच्या ताटलीखाली, जाळीच्या कोपऱ्यातल्या फटीत असतात. दिवा विझला, सरडा फिकट पडून फांदीवर झोपला, की ते बाहेर निघतात. भुकेला रातकिडा झोपलेल्या सरड्याची बोटं, शेपटीचं टोक, डोळ्यांभोवतीची कातडीसुद्धा कुरतडतो. तो सरड्याची विष्ठाही खातो आणि दुसऱ्या दिवशी सरडा त्यालाच खातो. पोटातले जंत असे गोल फिरत राहतात. शिवाय रातकिड्याच्या मादीला मागे सुईसारखी नळी असते. ती कुंडीच्या ओल्या मातीत खुपसून ती अंडी घालते. ऊब असली तर दोनेक आठवड्यांत तिळापेक्षा लहान पिल्लं निघतात आणि पिंजऱ्याच्या जाळीतून सरळ बाहेर चालत येतात. गृहस्थाला कळायच्या आत तो आजोबा झालेला असतो.

मग उपाय सुरू झाले. रात्री कुंडीशी गाजराची चकती ठेवायची, म्हणजे भुकेले रातकिडे सरड्याऐवजी तिच्यावर जमतात, आणि अकरा वाजता टॉर्च मारून ते उचलायचे. दुसरा उपाय डब्याचा: गुळगुळीत प्लास्टिकवर रातकिड्याला चढता येत नाही, म्हणून फांदीला खोल डबा टांगायचा आणि सरड्याला त्यात वाकून जेवायची सवय लावायची. पहिला डबा पारदर्शक होता. सरडा बाहेरूनच नेम धरून प्लास्टिकवर जीभ आपटू लागला, आणि तशी जीभ दुखावली तर त्याचं जेवणच बंद होतं. म्हणून दह्याचा पांढरा डबा आला. एका बाजूला आतून जाळीची पट्टी चिकटवली, रातकिडे तिच्यावर चढून स्वतःचं प्रदर्शन मांडू लागले. हा डबा मात्र यशस्वी झाला.

इथेच एक घोळ झाला. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवले की रातकिडे सुस्तावतात, मोजून घ्यायला सोपे पडतात. आणि परदेशातल्या कुठल्याही मराठी घराच्या फ्रीजमध्ये दह्याच्या डब्यात दही सोडून सगळं असतं. बायकोने तो कालच्या आमटीचा समजून उघडला. त्यानंतर घरातल्या प्रत्येक डब्यावर मार्करने नाव लिहिलेलं असतं आणि रातकिड्यांच्या डब्याला तळघरात वेगळा छोटा फ्रीज आहे.

पण जे आधीच सुटले होते ते सुटलेच. रातकिड्यांत गातो तो फक्त नर, आणि तो थांबत नाही. एमॉस डॉलबेअर नावाच्या टफ्ट्स कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने १८९७ मध्ये सूत्र मांडलं: पंधरा सेकंदांतले आवाज मोजा, त्यात चाळीस मिळवा, फॅरनहाइटमध्ये तापमान मिळतं. ते झाडावरच्या रातकिड्याला चपखल बसतं, घरातल्याला अंदाजाने. गृहस्थाला तेवढं पुरतं. रात्री दोन वाजता तो बायकोला हलवून सांगतो, "सत्तावीस आणि चाळीस, सदुसष्ट. थर्मोस्टॅट बरोबर आहे." ती डोळे न उघडता विचारते, "आणि हे आपल्या पलंगाखालचं तापमान ना?"

शेवटी तो झुरळांकडे वळला. दक्षिण अमेरिकेतली 'डुबिया' झुरळं गात नाहीत, गुळगुळीत भिंत चढत नाहीत, सहसा उडत नाहीत, आणि चांगली ऊब असल्याशिवाय वाढत नाहीत. फ्लोरिडात त्यांना बंदी आहे, कारण तिथल्या हवेत ती माजतील अशी सरकारला धास्ती. इलिनॉयच्या थंडीत ती भीती कमी. हा सगळा अभ्यास पूर्ण झाला, पेटी आली, आणि त्याच आठवड्यात आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आली.

ज्या बाईने आयुष्यभर बोरिक पावडर कणकेत मळून ओट्याखाली गोळ्या ठेवल्या, तिने मुलगा गाजर किसताना पाहिला.

"कुणाला रे?"

"झुरळांना. त्यांना अ जीवनसत्त्व लागतं, म्हणजे सरड्याला मिळतं."

"तुला कोशिंबिरीत घातलं तर ताटाच्या कडेला काढून ठेवायचास," एवढं बोलून ती देवापुढे दिवा लावायला गेली.

पण आई दिवसभर घरात. चार दिवसांत तिने वाटी उपडी टाकून रातकिडे धरायला सुरुवात केली. ऑफिसात निरोप जायचा: "चपलांच्या कपाटात एक सापडला. जिवंत आहे. वाटीवर वरवंटा ठेवलाय." पंधरवड्यात 'फरार' रकाना पहिल्यांदा खाली आला. आणि मग तिने एका संध्याकाळी पिंजऱ्यासमोर उभं राहून, मुलगा सात किडे एकदम डब्यात ओतत असताना, विचारलं, "हे काय वाढणं झालं? एकेक वाढ. खाल्लं की दुसरं वाढ. नको म्हणाला की थांब. पानात टाकायला कशाला लागतं?"

जाणकार पाळणारे हेच सांगतात: चिमट्याने एकेक द्या, मोजून द्या, उरलेला परत काढा, दिवा विझायच्या आत पिंजरा रिकामा हवा. गृहस्थाने हे तीन ठिकाणी वाचलं होतं. केलं त्या दिवसापासून.

आता पिंजऱ्यात मोकळा किडा नाही. घरात मात्र जुने आहेत, त्यांची पुढची पिढी आहे, आणि डिशवॉशरच्या उबेत ती सुखी आहे. म्हणून सध्या तो लेपर्ड गेकोचा अभ्यास करतोय. अफगाणिस्तान-पाकिस्तानकडचा, रात्री जागणारा, जमिनीवर फिरून किडे टिपणारा. महिनाभर तळमजल्यावर मोकळा सोडला की घर साफ, असं त्याने बायकोला पटवायचा प्रयत्न केला.

"आणि घरातले संपल्यावर तो काय खाईल?"

"मागवू की. हजाराने घेतले तर स्वस्त पडतात."