बचतरावांचा गल्ला

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यांना सगळे 'बचतराव' म्हणतात. खरं नाव फक्त हप्ते वसूल करणाऱ्यांना ठाऊक.

बचतराव जिन्यात भेटले की पहिली दहा मिनिटं पैशाच्या शिस्तीची. "मुलांना लहानपणीच वळण लागलं पाहिजे हो!" हे ते नव्याकोऱ्या फोनवर बोट फिरवत सांगतात. फोन अठरा हप्त्यांचा. जुन्याचे चार अजून फिटायचेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्यांनी मला पटवून दिलं तेही हप्त्यावरच्या गादीवर लोळत. गादी साडेसहा फुटी, बचतराव सव्वापाच.

चिरंजीव सहावीत. दर रविवारी सकाळी त्यांचा अर्थशास्त्राचा तास असतो. एकदा वहिनींच्या पोह्यांच्या आशेने गेलो आणि त्या तासाला सापडलो. विषय होता बहात्तरचा नियम.

"72 ला व्याजदराने भाग. येतील तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट! पीपीएफचा दर 7.1 टक्के धर. किती झाले?"

"साधारण दहा वर्षं."

"शाब्बास! याला म्हणतात चक्रवाढ."

चिरंजिवांची पेन्सिल थांबली नव्हती. "बाबा, तुझ्या क्रेडिट कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के पडतात ना? म्हणजे वर्षाला 42. मग 72 भागिले 42... पावणेदोन वर्षांतच दुप्पट! हे तर पीपीएफपेक्षा भारी आहे!"

स्वयंपाकघरात उलथनं कढईवर जरा जोरात वाजलं.

"पोहे गार होतील," बचतराव म्हणाले. तास सुटला.

शिक्षणाला प्रात्यक्षिकाची जोड हवी म्हणून त्यांनी पाडव्याला मातीचा गल्ला आणला होता. खाऊचे पैसे, आजोबांनी हातावर ठेवलेल्या नोटा, सगळं त्यात. फोडायचा थेट लक्ष्मीपूजनाला. तोवर हात लावायचा नाही. हा नियम अर्थात मुलासाठी.

महिनाअखेरीला इस्त्रीवाल्याने बेल वाजवली की बचतराव गल्ला उताणा करत, फटीत लोणी लावायची सुरी सरकवत आणि श्वास रोखून नोट सुरीवर घसरत आणत. एवढी एकाग्रता ऑफिसात दाखवली असती तर दोन बढत्या मिळाल्या असत्या. चिरंजीव समोर उभे.

"ही चोरी नाही हं. उसने. बघ, चिठ्ठी टाकतो. व्यवहार कसा लेखी हवा!"

चिरंजीव सगळं बघत. भागाकारापेक्षाही मन लावून.

लक्ष्मीपूजनाला गल्ला फुटला. साक्षीला मी होतोच. पाटावर 46 रुपयांची चिल्लर पडली आणि तिच्यावर चिठ्ठ्यांचा ढीग. 'रु. 100 घेतले. पहिल्याला देतो.' खाली झोकदार सही, सहीखाली दोन रेघा.

"बघा, पै-पैचा हिशेब आहे!" म्हणत बचतराव चिठ्ठ्या मोजू लागले. चौदा भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा चौदा.

"पण मी तर नऊच टाकल्या होत्या."

उरलेल्या पाच त्यांनी समईजवळ नेऊन निरखल्या. मजकूर तोच, वायदा तोच, सहीखालच्या दोन रेघाही त्याच. फक्त शाईऐवजी पेन्सिल.

चिरंजिवांनी चकलीचा तुकडा मोडला.

"चोरी नाही हं, बाबा. उसने."