किंमत तेवढी विचारू नका

तीस सेकंदांच्या रीलमध्ये पैठणीचं सगळं कळतं. ‘नमस्कार मैत्रिणींनो’ म्हणत पदर उलगडतो, त्यावरचे मोर बोट ठेवून मोजले जातात. काठ नारळी, रंग वांगी, रनिंग ब्लाउजपीस, फॉल-पिको फ्री, पार्सल जगात कुठंही. कळत नाही ती फक्त किंमत. ती बहुधा संरक्षण खात्याची बाब असावी. खाली बायका ‘प्राइस?’, ‘किंमत प्लीज’, ‘पीपी’ लिहीत सुटतात आणि प्रत्येकीला एकच उत्तर: ‘ताई, डीएम केलंय.’ एकदा मोठ्यानं सांगता येणारा आकडा शंभर जणींच्या कानात कुजबुजायचा, हा उद्योग कुणी हौसेनं करत नाही. ‘प्राइस?’ हीसुद्धा कॉमेंटच. कॉमेंटी वाढल्या की रील आणखी पसरते. जाहिरातीचं बिल गिऱ्हाइकाच्या अंगठ्यावर!

यावर विक्रेत्यांचं म्हणणं असं, की भाव उघड केला तर शेजारचा दुकानदार पाडून विकतो. शेजाऱ्याला डीएम करता येत नाही, अशी यांची गोड समजूत दिसते. मग घरून साड्या विकणाऱ्या बायकांच्या पोटाचा प्रश्न पुढं केला जातो. प्रश्न खरा आहे, पण तोच आकडा दिवसभर टाइप केल्यानं पोट कसं भरतं? शिवाय 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यानं एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची असते. ‘डीएम’ हा आकडा नव्हे. खरी गोम आहे रीलवरच्या ‘ओरिजिनल हँडलूम’ या दोन शब्दांत. हातमागावर पैठणी विणायला आठवडे लागतात, नक्षी भरगच्च असेल तर महिने. डीएममध्ये सांगतात त्या तीन हजारांत ती येईलच कशी? म्हणजे किंमत उच्चारली की ‘ओरिजिनल’ उघडं पडतं. कॅमेऱ्याचंही तेच. हातानं विणलेला पदर उलटा केला तरी मोर मोरच दिसतो. यंत्रमागावरच्या पदरामागं बहुधा कापलेल्या धाग्यांचं रान असतं. म्हणून तर रीलमध्ये पदर सगळीकडून फिरतो, उलटा तेवढा होत नाही. यंत्रमागाची साडी नेसण्यात कसलाही कमीपणा नाही. यंत्रमागाची म्हणून तीन हजारांना खुशाल विका. पण नाव येवल्याच्या विणकराचं लावायचं, आणि त्यानं आपल्या मजुरीचा भाव सांगितला की गिऱ्हाइकानं ‘रीलवर तर तीन हजारांत मिळते’ म्हणत त्याच्याशीच घासाघीस करायची, ही कुठली रीत? वर पुन्हा ‘मैत्रिणींनो’! कसली मैत्रीण? मैत्रीण साडी कितीला पडली ते विचारायच्या आत सांगते, आणि किती कमी करून घेतली तेही.